झेंडूच्या पोत्यातला करंडा

शालन दारात आली तेव्हा तिच्या हातांना फिनेलचा वास येत होता. १९७४ सालचा वैशाख. लग्नं उरकली की कार्यालयं झाडूनपुसून द्यायचं काम ती चार बायका घेऊन करी. काही टाकण्याआधी यजमानांना विचारी, सापडलेली पिनसुद्धा परत देई. म्हणून भवानी पेठेत तिलाच बोलावणं असे.

आज तिच्यावर चोरीचा आळ होता.

चनबसप्पा कोरे यांनी तिला बसवलं. कुर्डुवाडीच्या रेल्वेत हरवलेल्या मालाचा माग काढण्यात त्यांची हयात गेली होती. आता ते खासगी तपास करत. सोबतीला शाळूसोबती ज्ञानू असे.

शालननं हकिकत सांगितली. निंगव्वांच्या मुलीच्या लग्नात चांदीचा करंडा हरवला. परसात कचऱ्याची तीन पोती होती : पत्रावळ्यांचं, फुलांचं, कागदांचं. शालन मांडवातली फरशी धूत असताना निंगव्वांनी एकटीनं ती उघडली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझ्या पोत्यात निघाला."

"माजं जाऊ द्या," शालन म्हणाली. "पर त्या चौघींना आता कोण काम देईल?"

कोरे आधी निंगव्वांकडे गेले. करंडा झेंडूच्या हारांखाली होता, असं त्या म्हणाल्या. कुठल्या पोत्यात, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. पोती बघायला थोरल्या सूनबाईनं, गंगम्मानं सुचवलं होतं.

मग बजाबाई. हे काम पूर्वी तिचं होतं. शालनचं नाव काढताच तिचा चेहरा आंबट झाला. "उष्ट्या पत्रावळीत चांदी लपवली म्हणं," ती म्हणाली. "माझ्या हातनं असं कदी झालं न्हाय." लग्नाच्या दिवशी मात्र ती मंद्रूपच्या बाजाराला गेली होती.

शेवटी गंगम्मा. ती शांतपणे बोलली, पण शालनचा विषय निघाला आणि आवाज चढला.

"अत्ती, म्हणजे आमच्या सासूबाई, लग्नाचे दोन दिवस कोठीची किल्ली तिच्याकडं देत्यात. एवढा विश्वास! झेंडूत हात घालून वस्तू लपवायला तिला कितीसा वेळ?"

बाहेर येताच ज्ञानू म्हणाला, "बजाबाईच. जळते ती शालनवर."

"जळते खरी. पण तिला पोतं ठाऊक नाही."

संध्याकाळी कोऱ्यांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. करंडा झेंडूखाली होता हे दोघांनाच ठाऊक असणार, ते म्हणाले; काढणाऱ्याला आणि ठेवणाऱ्याला. बजाबाई पत्रावळ्या म्हणाली, कारण तिनं अंदाज केला. गंगम्मा झेंडू म्हणाली.

गंगम्मा सासूकडे वळली.

"अकरा वर्षं मी या घरात हाय," ती निंगव्वांना म्हणाली. "एकदा तरी मला म्हणालात, तुझ्यावर सोडते? झाडणाऱ्या बाईला म्हणालात की."

 निंगव्वांनी शालनला पुढच्या आठवड्याच्या साखरपुड्याचं काम देऊ केलं.

"येते की," शालन म्हणाली. "पर माजं नाव चारचौघांत गेलंय. ते चारचौघांतच परत द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी निंगव्वा शालनच्या वस्तीत चालत गेल्या. त्या चार बायकांसमोर चूक आपली झाली म्हणाल्या. मागून पदर सावरत गंगम्मा आली आणि दाराबाहेरच थांबली.

शालननं दोघींसाठी चटई अंथरली.