मेण न भरलेलं पिकअप

खोटं वाटलं तर वाटू दे, पण हे माझ्यासोबत घडलंय. शपथ घ्यायला सांगाल तर आईची घेते.

जागा, गिटार दुरुस्तीच्या दुकानामागची खोली. वेळ, गुरुवारची संध्याकाळ, दिवे लागायच्या जरा आधी.

दुकान घाऱ्याचं. हा माझ्या दादाचा जिवलग मित्र. डोळ्यांमुळे लहानपणी जे नाव पडलं ते कायमचं चिकटलं. त्याच्या दोन वर्षं आधी दादा समुद्रात बुडून गेला. धक्क्यावर एकटाच गिटार घेऊन बसला होता म्हणे. दादा सापडला, गिटार नाही.

तेव्हापासून घाऱ्या आमच्या घरचाच मुलगा झाला होता. आईची औषधं तोच आणायचा. तिच्याजवळ बसून हळूच म्हणायचा, "काकू, शेवटी शेवटी तो फार गप्प असायचा हो."

आईने त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. पोराने आपणहून जीव दिला आणि आपल्याला कळलंही नाही. त्यानंतर ती कधी धड जेवली नाही.

शनिवारी दादाच्या आठवणीत आमच्या बँडचा कार्यक्रम होता. दादा सर्फ रॉक वाजवायचा. ओला, थरथरता, लाट फुटल्यासारखा आवाज. मला तोच हवा होता.

"आधी या बारीक तारा काढ," घाऱ्या म्हणाला. "नुसत्या किणकिणतात. जाड लाव, वरून सपाट गुंडाळलेल्या."

"बोटं सोलतील माझी."

"मग बासरी शिक."

तारा बदलल्या. आता पिकअप. तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे, ते पिकअप. गिटारच्या तारांची थरथर तेच उचलतं आणि अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीकडे, पाठवतं. वेढ्यांत वितळलेलं मेण भरतात, म्हणजे ते शिट्टी मारत नाही. बिनमेणाचं पिकअप मात्र फार तिखट कानाचं. त्याच्याजवळ बोललात तरी अँपमधून ऐकू येतं.

घाऱ्याने एक पिकअप लावून दाखवलं, ते कर्कश. दुसरं घोगरं. मी नाक मुरडतच राहिले. शेवटी त्याने सगळ्यात खालच्या खणातून एक काढलं.

"हे मीच गुंडाळलंय. मेण भरायचं राहिलंय."

"भरू नकोस. दादाचंही बिनमेणाचंच होतं."

त्याने टेबलावरचं मेणाचं भांडं मागे सरकवलं आणि ते बसवलं.

मी एकच तार छेडली. अगदी तोच आवाज! माझे डोळे भरून आले.

"कसं जमवलंस रे?"

"सवय," तो म्हणाला. तेवढ्यात बाहेर गिऱ्हाईक आलं आणि तो उठून गेला.

मी डोळे पुसले. गिटार मांडीवर, तारा वाजू नयेत म्हणून वर फडकं टाकलेलं, माझे हात बाजूला.

आणि अँपमधून आलं...

टक... टक.

वाजवायच्या आधी दादा अंगठीने गिटारच्या लाकडावर दोनदा ठोकायचा. न चुकता.

मग... थप. थप. पाणी ठिबकत होतं. आवाजाला ओलेपणा देणारं अँपवरचं बटण तर मी शून्यावर ठेवलं होतं.

ठिबकणं वाढलं. लाटा आपटायला लागल्या. आणि त्यांच्यामधून...

"घाऱ्या... हात दे."

दादा. धाप लागलेला.

"गिटार राहू दे रे... हात दे!"

मी अँप बंद केला. तारा सैल केल्या, स्क्रू काढले. पिकअप बाहेर काढून मी त्याचं झाकण उघडलं.

वेढ्यांचं शेवटचं टोक गुलाबी नेलपॉलिशच्या थेंबाने चिकटवलेलं होतं. माझ्या नेलपॉलिशच्या. दादा आपलं पिकअप स्वतःच गुंडाळायचा, आणि ही त्याची खोड. बाटली संपवली म्हणून मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

हे दादाच्या गिटारमधलं पिकअप होतं. जी गिटार सापडलीच नव्हती.

घाऱ्या आत आला. माझ्या हातात काय आहे ते त्याने पाहिलं. त्याने मेणाच्या भांड्याखालची शेगडी पेटवली.

"तू तिथे होतास," मी म्हणाले.

"लाट मोठी होती गं."

"तू तिथे होतास, घाऱ्या."

"पाण्यातून त्याने गिटार वर केली. मी ती धरली आणि ओढली. पट्टा त्याच्या खांद्यावरून सुटला, गिटार माझ्या हातात आली आणि तो गेला." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मग मी घाबरलो. लोक काय म्हणाले असते?"

"आणि आईला काय सांगत होतास? गप्प असायचा म्हणून?"

मेण वितळलं तसं त्याने माझ्या हातातून पिकअप हिसकावलं आणि त्यात बुडवलं.

बुडबुडे आले... बराच वेळ येत राहिले.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. दोन वर्षं आमच्या ताटात जेवला हा माणूस! मी चिमट्याने पिकअप बाहेर काढलं आणि तडक घरी आले.

आईला सगळं सांगितलं. ते ऐकू कसं आलं, हे तिने विचारलंच नाही.

"म्हणजे त्याला जगायचं होतं?" एवढंच म्हणाली.

"हो, आई."

त्या दिवशी ती पोटभर जेवली.

घाऱ्याच्या दुकानाला तेव्हापासून कुलूप आहे. तो कुठे गेला, कुणालाच माहीत नाही.

पिकअप माझ्या गिटारमध्ये आहे. दादाचं ते, टाकणार कसं? आता त्यात मेण भरलंय, बाहेरचं काही ऐकू यायची सोयच नाही. कित्येक महिने काही आलंही नाही.

गेल्या रविवारी, भर दुपारी, मी अँप लावला. तारांवर फडकं होतं.

टक... टक.

मग पाणी. आणि अगदी जवळून...

"चिमे... हात दे."

मला चिमी म्हणणारा जगात एकच माणूस होता.

मी अँपची वायर उपटली आणि खोलीबाहेर पळाले. घाऱ्याला मी मरेपर्यंत माफ करणार नाही. पण रविवारपासून मला झोप नाही.

हात मीही दिला नाही.