श्वास घ्यायची जागा

मी क्लॅरिनेटची दुरुस्ती करते आणि बरी वाजवते. माझी धाकटी नणंद बासरी शिकवते. लहानपणापासून घरात तिला पिपाणीच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. एक जिना चढली की पायरीवर बसायची. डॉक्टरांनी वाजवायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण ही ऐकेल तर ना.

तिच्या म्हाताऱ्या मास्तरांनी आम्हा दोघींसाठी एक रचना लिहून पाठवली. पाच तुकडे. प्रत्येकाला इथल्याच एकेका रानफुलाचं नाव, चाली जुन्या फेराच्या नाचांच्या. चौथा तुकडा भिंतीच्या फटीत उगवणाऱ्या पिवळ्या फुलाचा. त्यात बासरीला लांबच लांब एक ओळ होती आणि श्वास घ्यायला जागाच नव्हती.

श्वासाची खूण राहून गेली का, विचारायला मी फोन केला. मास्तर म्हणाले, विसरलेलो नाही, तिला वाजवू दे.

दुपारी माझ्या दुकानात आम्ही बसायचो. पहिल्या दिवशी ती अर्ध्यातच खोकत थांबली. आठवड्याभरात शेवटपर्यंत गेली. चोरून श्वास घेतला तरी वादकाचे खांदे हलतात. तिचे हलले नाहीत. खिडक्या बंद होत्या, तरी तेल-लाखेच्या वासावर ओल्या मातीचा वास चढला.

"श्वास कुठे घेतलास?" मी विचारलं.

"लागलाच नाही, वहिनी."

त्यानंतर ती बोलत बोलत जिने चढू लागली. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागली. बहीण बरी झाली म्हणून माझा नवरा हवेत होता. डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, मग दुसरी नळी आणून पुन्हा लावली. छान आहे, म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता कागद पुढे सरकवला.

चौथ्या तुकड्याच्या पुढच्या फेऱ्यात तीच ओळ क्लॅरिनेटकडे येते. मी ती श्वासासाठी तोडून वाजवायचे.

"श्वासासाठी थांबणं सोड की एकदा," कार्यक्रमाआधी पिपाणी म्हणाली. "मी आहे ना."

कार्यक्रमात मी थांबलेच नाही. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. समोर बसलेल्यांचे पाय आपोआप ठेका धरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसथांब्यावर उभ्या होतो. कडाक्याची थंडी. पिपाणी मास्तरांची नक्कल करत होती, मी पोट धरून हसत होते. पुढची बाई वळली. तिनं आधी नणंदेच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या, आणि रांग सोडून लांब जाऊन उभी राहिली.

रांगेत सगळ्यांच्या तोंडून वाफ निघत होती. आम्हा दोघींमधली हवा मात्र स्वच्छ होती.