कागदावरची बटणं

"जरा सरकता का?... अहो, तुम्हालाच म्हणते!"

लातूरच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर बसलेला तो तरुण नुसताच बघत राहिला. हातात कार्डांचा गठ्ठा घेऊन उभी असलेली पंचशीला वैतागली. "बोलायलाही जड जातंय का?"

त्यानं गळ्याभोवतीचा रुमाल हळूच बाजूला केला. गळ्याच्या मधोमध लहानशी नळी बसवलेली होती. पंचशीलाचा चेहरा उतरला. तो मात्र सरकला, आणि शेजारची जागा हातानं झाडून दिली.

त्याचं नाव आनंदराज. बसस्थानकात गाड्या पुकारायचा. गळ्यातली गाठ काढताना डॉक्टरांना स्वरयंत्रच काढावं लागलं होतं.

"म्हणजे तुमचा आवाज मी ऐकलाय," त्यानं हे सगळं लिहून दाखवल्यावर पंचशीला म्हणाली. "दर सुट्टीला मी घरी निघाले की देगलूरची गाडी तुम्हीच पुकारायचात..."

त्यानं मान खाली घातली.

ती आली होती अशाच माणसांसाठी. बोट ठेवलं की शब्द बोलून दाखवणारं मोबाइल ॲप तिची पुण्याची कंपनी बनवणार होती. पण आधी सगळं कागदावर — पडदा म्हणजे कार्ड, बटणं पेनानं काढलेली.

"तुम्ही बोट ठेवा. मी मोबाइल," ती म्हणाली. "कार्ड मीच बदलणार, बोलणारही मीच. चुकलं तर नवं कार्ड काढू."

त्यानं बोट ठेवलं. "पाणी हवं," ती बोलली. दुसरं बटण. "दुखतंय." तिसरं. "डॉक्टरांना बोलवा."

आनंदराजनं पेन घेतलं आणि कार्डामागं लिहिलं — माणूस एवढंच बोलतो का?

तिनं कोरी कार्डं त्याच्यापुढं ठेवली.

मग पुढच्या भेटींत त्यानं स्वतःच बटणं काढली. 'काहून?' 'थट्टा केली.' 'अजून थोडं बसा.' शेवटच्यावर त्याचं बोट जरा जास्तच वेळा पडायचं.

"अजून थोडं बसा," पंचशीला बोलायची, आणि तिचे कान तापायचे. "हे बटण बिघडलंय का हो?"

तो डोळ्यांनी हसायचा...

एकदा तो आईला घेऊन आला. धोंडाबाईंना वाचता येत नव्हतं. घरी तो लिहिणार तरी कुणासाठी? ऑपरेशनपासून माय-लेकाचं बोलणंच थांबलं होतं. त्यानं एकामागून एक बटणांवर बोट ठेवलं.

"माय... वरणात मीठ... लई होतंय," पंचशीला बोलली.

धोंडाबाई हसल्या, आणि हसता हसताच पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "मग सांगायचं न्हाई का रे, इतके दिस!"

चाचणीचा शेवटचा दिवस आला. आता कार्डं पुण्याला जाणार होती. धोंडाबाई शेजारीच बसल्या होत्या. आनंदराजनं कोऱ्या कार्डावर काहीतरी लिहिलं, पंचशीलापुढं सरकवलं, आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

तिनं वाचलं. कार्ड घट्ट धरून ठेवलं.

"काय म्हणतोय गं? वाच की," धोंडाबाई म्हणाल्या.

"म्हणतात..." ती वाचू लागली. "तुम्ही मला लई आवडता. पण हे सांगायलासुद्धा मला तुमचाच आवाज मागावा लागतोय. अशा माणसाशी... जन्म बांधू नका. पुन्हा येऊ नका."

धोंडाबाईंनी ते कार्ड तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "हे त्याचं झालं. तुझं काय?"

"माझं?..." पंचशीला आनंदराजकडं वळली. "मला विचारलं तरी का? परस्पर ठरवून मोकळे झालात! तुमच्याशी बोलले तितकं मी आजवर कुणाशीच बोलले नाही. आज मी बाबांना फोन करणार. रविवारी दोघांनी देगलूरला यायचं."

त्यानं वळून आपल्या गळ्याकडं बोट दाखवलं.

"बोलायला मी हाय की," धोंडाबाई म्हणाल्या. "लेकाच्या लग्नाचं मायनंच बोलायचं असतंय."

आनंदराजचा हात 'अजून थोडं बसा'च्या कार्डाकडं गेला. पंचशीलानं तो मधेच धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "...कळलं."