कोरड्या काचेतल्या कळा

सम्यक, तो टीव्ही बंद कर आन् बस हिकडं सरकून. ही ऐकीव गोष्ट नाय. माझ्या साडूच्या पोरीवर, सुलेखावर गुदरलेली. मागच्या पोळ्याच्या अमावास्येची रात.

सुलेखा जालना रोडवरच्या एका औषधाच्या कॉलेजात संशोधन करती. तिचं पहिलं लेकरू दिवस भरायच्या आत गेलं. तवापासून एकच ध्यास, अवेळी आलेल्या कळा थांबवणारं औषध. खाटकाकडून शेळीची गर्भपिशवी आणायची, तिची बोटभर पट्टी कापायची आन् कोमट मिठाच्या पाण्यात, काचेच्या नळीत दोऱ्यानं टांगायची. कळांचं हार्मोन टाकलं की पट्टी आखडती. मग औषध टाकून बघायचं, सैल पडती का.

"मेलेलं मांस आखडतं व्हय, नाना?"

मांस लगेच मरत नाय, बाबा. काही तास जितं राहतं.

त्या दिवशी खाटकानं संध्याकाळी माल दिला. तिच्या नवऱ्यानं, अतुलनं, करमाडहून गाडीवर बर्फाच्या डब्यात आणला. सुलेखानं कापलं तर बुळबुळीत पाणी कोपरापर्यंत आलं... आन् आत करडू. अंगावर केस आलेलं. खुरं पिवळी, भिजल्या साबणावानी मऊ. असला वास की तिनं बेसिनमध्ये भडाभडा ओकलं. मग सरांना फोन लावला.

"सर, शेळी गाभण होती. नको वाटतंय."

"अहो, गाभण तर चांगलीच! तिचीच पट्टी जोरात आखडते. वाया घालवू नका."

तिनं पट्टी टांगली. करडू कचऱ्याच्या पिवळ्या थैलीत टाकलं, कोपऱ्यात. अतुल बाहेर व्हरांड्यात बसला.

हार्मोन टाकलं. पट्टी आखडली. औषध टाकलं... सैल पडंना. परत आखडली. अजून जोरात. सुलेखानं पाणी बदललं, हार्मोन धुऊन काढलं. तरी कळा. नळीत बुडबुडे सोडणारी हवा बंद केली. तरी कळा. शेवटी नळीतलं सगळं पाणी सोडून दिलं.

कोरड्या काचेत पट्टी आवळत होती... सुटत होती... आवळत होती.

दवाखान्यात सुलेखाला आल्या होत्या ना कळा? तशाच. त्याच चालीनं.

मग आवाज आला. कोपऱ्यातून.

चुप... चुप...

थैली हलत होती. आत ओढली जायची. फुगायची. परत आत...

कोणतरी चोखत होतं.

"मग, नाना?"

ती मागं सरली, टेबलाला धडकली. टेबल खडखडलं, म्हणून अतुल आत आला. त्यानंबी ऐकलं. "चल भाईर! आधी भाईर चल!" पण ही हलंना. तिनं दोरा सोडला, पट्टी घेतली. थैली उचलली. बर्फातनं आलेलं ते... थैली गरम होती.

कॉलेजामागं कडुलिंबाखाली दोघांनी माती उकरली. करडू ठेवलं. पट्टी त्याच्या तोंडाशी ठेवली. माती लोटली तवा आवाज थांबला. खोलीला कुलूप घातलं. किल्ली रातभर सुलेखाच्या मुठीत.

सकाळी कुलूप तिनंच उघडलं. खोलीभर गोडूस वास. रिकामी सोडलेली काचनळी काठोकाठ भरलेली. पिवळं. घट्ट. टेबलावरून ओघळ फरशीपर्यंत आलेला.

तिनं बोट लावलं.

चीक होता, पोरा. नुकत्या व्यालेल्या शेळीचा चीक...

आन् कोमट.