चौदातली कुठली तीन?

बारामतीच्या एसटी स्टँडवर भिगवणची गाडी लागली, गर्दी पुढं सरली, त्या गर्दीला वाट द्यायला म्हणून राजलक्ष्मी वळली – आणि तिच्या खांद्यावरच्या लांबलचक पिशवीचं टोक मागच्या माणसाच्या कपाला लागलं. चहा गेला तो थेट त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

“अरे देवा… भाजलं का?”

“न्हाय. कवाच गार झाला हुता.” त्यानं सदरा झटकला, आधी पिशवीकडं बघितलं, मग तिच्याकडं. “येवढा लांब गळ घिऊन कुठला मासा धराय निघालाय?”

“गळ नाही तो. धनुष्य आहे.”

लोक इथं हसायचे. कुणी रामलीलेचं विचारायचं, कुणी बाण कुणाला मारणार म्हणायचं. हा हसला नाही. “खरं?” एवढंच म्हणाला, आणि डोळ्यांत असं कुतूहल, की राजलक्ष्मीनं नकळत पिशवीची गाठ थोडी सैल केली. आतलं बांबूचं पिवळसर लाकूड दिसलं. त्यानं हात पुढं केला, पण लावला नाही. तेवढ्यात भिगवणची गाडी भरून निघाली.

“तुमची गाडी होती का?”

“व्हय.” त्यानं वळूनही बघितलं नाही. “दुसरी यील की.”

त्याचं नाव अविराज. पळसदेवचा. उजनीच्या पाण्यावर त्याची होडी होती. फ्लेमिंगो बघायला आलेल्या माणसांना तो फिरवायचा. होडीच्या इंजिनाचा कसला तरी भाग दुरुस्तीला घेऊन आला होता. आणि राजलक्ष्मी परतत होती ती एका नव्या हॉटेलच्या मालकाला नकार देऊन. त्या माणसाला धनुष्य भिंतीवर हवं होतं. त्यावर दिव्यांची माळ सोडायची म्हणे.

“म्हंजी तुमी इकताय ह्ये?”

“विकत नाही, देतेय. पण माणूस बघून. जो रोज हातात घेईल त्यालाच.”

“स्थळ बघितल्यागत?”

ती हसली. हसता हसता थांबली. कारण नेमकं तेच तर होतं…

कोऱ्हाळे बुद्रुकच्या घरात, राजलक्ष्मीच्या खोलीत चौदा धनुष्यं होती. विद्यापीठाच्या तिरंदाजी संघात असल्यापासून एकेक करत जमवलेली. मेळघाटात शिबिराला गेली तेव्हा एका म्हाताऱ्यानं करून दिलेलं हलकं बांबूचं – ते पहिलं. मग सातपुड्यातले दोन कामठे, घोडेस्वार वापरत तसली आखूड वळणदार, पुरुषभर उंचीचं एक जाडजूड… बारामतीत माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, खांदा दुखावला, स्पर्धा सुटल्या, तरी धनुष्यं येतच राहिली. दर महिन्याला त्यांना तेल लावायचं, दोऱ्या तपासायच्या, उन्हाळ्यात वाळून तडकतील म्हणून जीव खालीवर करायचा.

आणि आता पुण्याचं स्थळ आलं होतं. मुलगा कंपनीत, बोलायला साधा, वागायला नीट. फोनवर म्हणाला होता, “चौदा कशी बसतील गं फ्लॅटमध्ये? तीन आण. हॉलमध्ये छान दिसतील.” त्यात रागवण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणूनच तिला जास्त धास्ती वाटायची. अक्षय्य तृतीयेपर्यंत होकार कळवायचा होता. आणि चौदातली कुठली तीन, ते काही केल्या ठरत नव्हतं.

“मला द्या की मग एक,” स्टँडवर अविराज म्हणाला.

“भिंतीवर लावायला?”

“आमच्या भितीवर आयचं कॅलेंडर हाय. ती जागा आय देनार न्हाय.” मग जरा थांबून, “मला येत न्हाय त्यातलं काय. पर तुमी शिकवाल की…”

नाही म्हणायला हवं होतं. तिनं फोन नंबर दिला.

*

रविवारी दुपार कलली की त्याची मोटारसायकल यायची. ऊस तुटून मोकळं झालेलं रान होतं, बांधाला पाचटानं भरलेलं पोतं उभं केलेलं. ओट्यावर धान्य निवडत बसलेल्या आईचं – जयवंताबाईंचं – अर्धं लक्ष सुपात, अर्धं रानात.

राजलक्ष्मीनं त्याला मेळघाटचं धनुष्य दिलं होतं. शिकणाऱ्याला तेच सोपं. पण देताना बोटं लगेच सुटली नाहीत.

“एक लक्षात ठेवा. बाण नसताना दोरी ताणून सोडायची नाही. कधीच नाही. बाण असला की सगळा जोर त्याच्याबरोबर जातो. नसला की तो धनुष्याच्याच अंगात बसतो, आणि ते फुटतं.”

“न्हाय सोडनार.”

“घरी गेल्यावर दोरी उतरवून ठेवायची.”

“ठिवीन.”

“उन्हात नाही ठेवायचं.”

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “बाळंतिनीला सासरी धाडताना बी येवढं सांगत न्हाईत.”

ती लाल झाली. उन्हानं असेल.

तिनं त्याचं कोपर सरळ केलं, बोटं दोरीवर बसवली. त्याच्या हाताला पाण्याचा, शेवाळाचा वास यायचा. बाण पोत्याच्या अलीकडं पडायचे, पलीकडं पडायचे, एकदा तर शेजारच्या रानात सोपानतात्यांच्या म्हशीजवळ जाऊन पडला. “डोळा पोत्यावर ठेवा ना,” ती म्हणायची. “ठिवतो,” तो म्हणायचा – आणि बघायचा दुसरीकडंच. ती मग उगाच बाण मोजायला लागायची.

“ती तीन कुठली, ठरलं का?” एकदा त्यानं विचारलं.

“दर आठवड्याला ठरतात. दर आठवड्याला बदलतात.”

“तीनच का पर?”

तेव्हा तिनं सांगितलं. पुण्याचं, फ्लॅटचं, अक्षय्य तृतीयेचं. तो रानात पडलेले बाण गोळा करत होता. बराच वेळ करत राहिला.

“चांगलं हाय की,” परत येऊन म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच चहा न घेता गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. फोन केला – बंद. सोमवारी बंद. धनुष्याची काळजी वाटतेय, असं तिनं स्वतःला बजावलं. मेळघाटचं आहे, पहिलं आहे, वाटणारच…

मंगळवारी दुपारी प्रयोगशाळेच्या खिडक्या अचानक धडाधडा आपटायला लागल्या. वळवाचा वारा. धुळीनं अंगण दिसेना. बरोबर काम करणारा जोतीराम फोन ठेवत म्हणाला, “भिगवणकडं लई जोर हाय म्हणं वाऱ्याचा. पत्रं उडालंत. पाण्यावर तर इचारूच नगा.”

पाण्यावर.

तिच्या हातातला मातीचा नमुना टेबलावर सांडला. तिनं पुन्हा फोन लावला. तोच बाईचा थंड आवाज. तिसऱ्यांदा ऐकून घेतला नाही. पर्स उचलली आणि स्कूटर काढली.

रस्ता संपता संपेना. झाडाच्या फांद्या आडव्या पडलेल्या, डोळ्यांत धूळ, हायवेला ट्रकची रांग. होडीत किती माणसं असतील? वारा दिसल्यावर तो वळला असेल ना? त्याला पोहता येतं, असणारच येत, तिथं तर सगळ्यांनाच येतं… पण तिनं कधी विचारलं नव्हतं. दर रविवारी कोपराचं आणि बोटांचं बोलत बसलो, आणि एवढं साधं विचारलं नाही.

पळसदेवला पोचली तेव्हा वारा पडला होता. पाणी उन्हाळ्यानं पार आत गेलं होतं; उघड्या पडलेल्या गाळात होड्या ओढून ठेवलेल्या. जाळं आवरणाऱ्या एका बाईला तिनं विचारलं. “अवी व्हय? त्यो काय, बाभळीखाली बसलाय.”

तो खरंच बसला होता. सुखरूप. पालथ्या घातलेल्या होडीला डांबर लावत.

राजलक्ष्मी गाळ तुडवत थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“फोन का लागत नाही तुमचा?”

तो दचकून उठला. हात डांबरानं काळे. तिच्या केसांत धूळ, चेहऱ्यावर धूळ, आणि त्या धुळीतून उतरलेल्या दोन रेघा. त्यानं त्या बघितल्या, आणि नजर खाली घातली.

“तोंड दावाय जागा न्हाय मला,” म्हणाला. बाभळीच्या बुंध्याला चादरीत गुंडाळून काही ठेवलं होतं, ते आणून त्यानं तिच्या पुढ्यात उलगडलं. मेळघाटचं धनुष्य. वरच्या अर्ध्या भागातून उभं फुटलेलं.

“हितंच उभा ऱ्हाऊन ताणलं हुतं. तेवढ्यात सगळा थवा उठला, फ्लेमिंगोचा. मी वर बघितलं… बाण कवा निसटला कळलंच न्हाय. दोरी सुटली.”

राजलक्ष्मीनं ते हातात घेतलं. आता वाईट वाटेल म्हणून ती वाट बघत राहिली. वाटलंही – म्हाताऱ्याचे हात आठवले, त्यानं विळ्यानं तासलेली कड बोटाला लागली. पण बारामतीपासून इथवर, त्या सगळ्या रस्त्यात, हे धनुष्य तिला एकदाही आठवलं नव्हतं.

“फोन याच्यासाठी बंद होता?”

“निम्मा ह्याच्यासाठी.”

“आणि निम्मा?”

त्यानं काळे हात चादरीला पुसले. “अक्षय तृतीया जवळ आलीय. तुमी होकार कळवला म्हणून सांगितलं असतं, आन् मला अभिनंदन म्हणावं लागलं असतं. त्ये माझ्यानं झालं नसतं.” मग एकदम, दम कोंडल्यासारखा बोलला, “मला तुमी आवडता. स्टँडवर चहा सांडला तवापासनं. धनुष्याचं नुसतं निमित्त हुतं… आता तर निमित्त बी मोडलं.”

दूर उथळ पाण्यात गुलाबी ठिपके पुन्हा उतरत होते. दोघंही तिकडं बघत होते, कारण एकमेकांकडं बघवत नव्हतं.

“तुम्हाला पोहता येतं का?” तिनं विचारलं.

“आँ?”

“येतं का, सांगा.”

“येतं की.”

“वाऱ्यात होडी घालत नाही ना?”

“येडा हाय का मी?” आणि मग त्याला कळलं. “…त्यासाठी आलाय तुमी?”

तिनं मान हलवली.

“रविवारी या,” स्कूटर सुरू करताना म्हणाली.

“कशाला? धनुष्य तर ऱ्हायलं न्हाय.”

“अजून तेरा आहेत.”

*

त्या संध्याकाळी तिनं तेराही धनुष्यं रानात नेली. एकेकाला दोरी चढवली, एकेक ताणून बघितलं. जाडजूड उंच धनुष्य अर्ध्यावरच थांबलं, खांद्यातून कळ गेली. दुसरं जड, तेही तसंच. वर्षानुवर्षं तिनं त्यांना तेल लावलं होतं ते एका भीतीनं – दिली तर आपण पुन्हा कधीच ताणणार नाही, हे खरं ठरेल. ते केव्हाच खरं ठरलं होतं. हातात नीट आली ती पाच. तीन नव्हे, चौदाही नव्हे.

रात्र व्हायच्या आत तिनं पुण्याला स्वतः फोन केला. नकार ऐकून मुलानं विचारलं, “धनुष्यांवरून का? सगळी आण मग. बघू काहीतरी.”

“नाही, मी कमीच करतेय. तुमच्यात काही वाईट नाही. पण माझं मन दुसरीकडं आहे.”

आबांना – तिच्या वडिलांना, सर्जेरावांना – सांगणं त्याहून अवघड. ते पलीकडच्या पट्टीत उसाला पाणी देत होते. तिनं सांगितलं. त्यांनी फावडं टेकवलं.

“धनुष्यापायी?”

“नाही.”

“त्या होडीवाल्यापायी?”

तिची नजर सरीतल्या पाण्याकडं गेली. आबांनी फावडं उचललं आणि पुढच्या सरीला पाणी वळवलं. त्यानंतर चार दिवस ते तिच्याशी जेवणापुरतं बोलले. आई काही बोलली नाही, हे त्याहून वाईट. राजलक्ष्मी ताटावर बसायची आणि तसंच ताट सारायची.

रविवारी कन्हेरीहून मोना जीप घेऊन आली. राजलक्ष्मीची संघातली मैत्रीण. आता पोरींना धनुर्विद्या शिकवत होती. आठ धनुष्यं तिच्याकडं जायची होती. अविराजही आला – केस नीट विंचरलेले, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. ओट्यावर आबांना बघून त्यानं नमस्कार केला. आबांनी मान हलवली, एवढंच. तो गुपचूप धनुष्यं उचलू लागला.

जाडजूड उंच धनुष्य जीपमध्ये ठेवताना राजलक्ष्मीचा हात त्यावर रेंगाळला.

“ऱ्हाऊ द्या वाटलं तर,” तो हळू आवाजात म्हणाला.

“नको. तिथल्या पोरी ताणतील. माझ्याजवळ नुसतं बसून राहतं ते.”

जीप गेली. अंगणात धूळ खाली बसली. आता काय, हे कुणालाच कळेना. अविराज मोटारसायकलच्या किल्लीशी चाळा करत उभा.

आबा ओट्यावरून उठले. पायऱ्या उतरून त्याच्यासमोर आले.

“पावनं, शेती किती हाय?”

“दोन एकर. बाकी पान्याखाली गेली, आज्याच्या येळंला.”

“होडीवर भागतं?”

“भागतं. उन्हाळ्यात कमी, पर भागतं.”

“पोरगी नोकरी सोडनार न्हाय.”

“म्या सोड म्हननार बी न्हाय.”

आबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. राजलक्ष्मीनं दाराची चौकट धरली.

“पुढल्या रविवारी एकटं येऊ नगा,” ते म्हणाले. “घरच्यास्नी घिऊन या.”

आणि पायात चपला सरकवून रानाकडं चालू लागले.

अविराज जागचा हलला नाही. राजलक्ष्मीही नाही. त्यानं तिच्याकडं बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं, ओट्यावर जयवंताबाई आहेत हे आठवून मिटलं. तिचे ओठ हसायला लागले होते, आणि डोळे भरले होते, आणि दोन्ही एकाच वेळी आवरेनात.

जयवंताबाईंनी सूप खाली ठेवलं. पदर झटकला.

“नुसती हुबी काय ऱ्हायलीस,” त्या म्हणाल्या. “इचार की त्याला, किती मानसं येत्याली.”