चारवर अडलेला रुग्ण

मेलेल्या माणसाची नाडी कोणी शोधत बसत नाही. या सिस्टरने शोधली, आणि ती सापडेना म्हणून वर त्यालाच दटावलं.

तिची चूक नव्हती. वॉर्डातली तिची पहिलीच दुपार. भेटीची वेळ, प्रत्येक खाटेशी नातेवाइकांची गर्दी, आणि कोपऱ्यातल्या खाटेवर एक तरुण एकटाच, खिडकीकडे तोंड करून. ही मान खाली घालून त्याचं मनगट धरून उभी.

"हात सैल सोडा. नाडी लागत नाहीये."

"राहू द्या, सिस्टर. तिची सवय मोडलीय."

"इथे थट्टा नको."

"मी कुठे... तुम्हीच केव्हापासून हात धरून उभ्या आहात."

तिने मान वर केली. खिडकीतली उन्हाची तिरीप त्याच्या खांद्यातून आरपार जाऊन उशीवर पडली होती.

दुसरी असती तर एका दमात जिना उतरली असती. हिने हात सोडला नाही. इतकं गार काही सोडून द्यायला तिचं मन होईना. आता तुम्ही म्हणाल, ही थाप आहे. असेल. पण गादीवरचा तो माणसाएवढा खळगा शेजारच्या खाटेवरच्या मामांनीही पाहिला होता, आणि तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करूनच जेवत.

"डॉक्टरांनी काय निदान केलंय तुमचं?" तिचा आवाज जरा चिरकलाच.

"मृत्यू. एका शब्दात आटोपलं."

"ते त्यांचं. ते आजार लिहितात. त्यापायी माणसाला काय सोसावं लागतं, ते आम्ही लिहितो. मेलेला असं निदान आमच्या यादीत नाही."

"मग माझ्याजोगतं काय आहे?"

तिने केअर प्लॅन लिहायला घेतला. यादीतली ठरलेली निदानंच घ्यायची, मनचे शब्द चालत नाहीत. तिने तीन निवडली: अंगातली ऊब कमी, झोप मोडलेली, एकटेपणा. प्रत्येकासमोर आजची स्थिती एक ते पाचात. एक म्हणजे पार दैना, पाच म्हणजे उत्तम. त्याखाली उपाय. तिन्हींत पाच झाले की प्लॅन बंद आणि रुग्ण घरी.

"घरी?" त्याने विचारलं.

"म्हणजे... जिथे कुठे जायचं असेल तिथे."

संध्याकाळी मेट्रनबाई आल्या. त्यांच्या चपलांचा आवाज आला की रुग्णांचे खोकलेसुद्धा दबकून येत. त्यांनी तो प्लॅन वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला, आणि सही केली.

मग सिस्टर कामाला लागली. दोन ब्लँकेटं, पायाशी गरम पाण्याची पिशवी. ब्लँकेट कोणाच्या तरी गुडघ्यांवर उचललेलं दिसे, आणि झाडूवाल्या मावशी तेवढी फरशी सोडून झाडत. ऊब पाचावर आली.

झोपेचं जड गेलं. "मेल्यावर झोप लागते ही नुसती अफवा आहे, सिस्टर," तो म्हणाला. तिने पडदा ओढला, आवाज करणारी ट्रॉली लांबून न्यायला लावली. एका दुपारी पडदा संथपणे आत-बाहेर होऊ लागला... खिडकी बंद होती. कोणाचा तरी श्वास चालला होता. सिस्टर तिथेच उभी राहून ऐकत राहिली, आणि मामांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

राहिला एकटेपणा. त्यावरचा उपायही यादीतलाच: जवळ बसणे. ती रोज खुर्ची ओढून बसू लागली.

"आज किती?"

"चार."

"कालही चारच होते."

"काल तुम्ही लवकर उठलात."

"आणि परवा?"

"परवा तर आलात त्याच उठायच्या घाईत."

हा आकडा रुग्णाने सांगायचा असतो, नर्सने त्यात भर घालायची नसते. आकडा अडला तर उपाय बदलून पाहायचा, हा नियमही तिला पाठ होता. तिने बदलला नाही. अगदी साळसूदपणे रोज तीच खुर्ची, तोच प्रश्न, आणि चार ऐकलं की मान फिरवून लपवलेलं तेच हसू.

आणि मग वॉर्ड भरला. एका आजीबाईंना जागाच उरली नाही. छाती कफाने भरलेली, आणि बिचाऱ्या बाहेर दाराशी, वाऱ्यात, स्ट्रेचरवर.

"कोपऱ्यातली खाट मला आज हवी," मेट्रनबाई म्हणाल्या.

"बाई, तिथे कोणी टिकत नाही," सिस्टर म्हणाली. "मी यायच्या आधी दोघांना निजवलं होतं म्हणे, दोघंही कुडकुडत उठून बसले."

"म्हणूनच म्हणतेय. आधी मोकळी कर."

सिस्टर खुर्चीत बसली. बाहेर आजीबाईंची ढास थांबत नव्हती. तोही ऐकत होता.

"विचारा ना," तो म्हणाला.

"नाही विचारायचं मला."

"मग न विचारता लिहा. पाच."

"खोटं बोलू नका."

"खोटं कालपर्यंत बोलत होतो," तो हसला. "पाच तर तुम्ही ही खुर्ची पहिल्यांदा ओढलीत तेव्हाच झाले होते. म्हटलं, सांगितलं तर उठून जाल..."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मुद्दामच खोदून विचारलं नाही."

पेन कागदावर टेकलं आणि तसंच राहिलं. त्याने तिच्या हातावर हात ठेवला. आता तो गार नव्हता. दोघांनी मिळून पाच लिहिला.

ओल्या वाळूतलं पाऊल हळूहळू भरून यावं, तसा गादीवरचा खळगा वर आला. आधी पाय, मग पाठ... सर्वांत शेवटी उशी.

आजीबाईंना आत आणलं, उशा देऊन बसतं केलं. सिस्टरने नवा कागद घेतला. "आजी, श्वास घेताना कुठे अडतं?" असं विचारताना अडलं मात्र तिचंच.

मागे मेट्रनबाई उभ्या होत्या. आता बोलणी बसणार म्हणून ती डोळे पुसत वळली.

"पाच म्हणाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

मेट्रनबाईंनी त्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. मग पदर सारखा केला.

"माझ्या वेळी," त्या म्हणाल्या, "तीनच्या पुढे कधी गेला नाही."