कस्तूच्या बेटावरची गावपळण

बेटावर सगळं होतं. विहिरीला गोडं पाणी होतं, माडांना नारळ होते, धक्क्यावर नवा दिवा होता. बंदर सताड उघडं होतं आणि वाराही बेटाच्याच दिशेने वाहत होता. तरी गेलेल्यांपैकी एकही माणूस परत आला नाही.

"प्रधानजी, बंदर उघडलंय ना?" कस्तूने पुन्हा विचारलं.

"उघडलंय, सरकार," काचेतून गोड आवाज आला.

"मग माणसं कुठायत?"

"माणसं शून्य, सरकार. माणसं शून्य असल्यामुळे तक्रारीही शून्य. अभिनंदन!"

कस्तूला वाटलं, या प्रधानजींना एक धपाटा घालावा. पण काचेला कसा घालणार? प्रधानजी म्हणजे 'बेटाधीश' या खेळातलं बोलकं यंत्र. पाटाएवढ्या काचेवर उजेडाचं बेट उभं राहायचं, आणि खेळणारा त्या बेटाचा तहहयात राजा व्हायचा. इथे रस्ता म्हटलं की रस्ता, तिथे शाळा म्हटलं की शाळा. राजाला कुणी "का?" म्हणून विचारत नसे. "आत्ता नको, उद्या बघू" असंही कुणी म्हणत नसे. कस्तूला सगळ्यांत जास्त आवडायचं ते हेच. तिच्या घरात गेलं वर्षभर सगळं 'उद्या बघू'वरच चाललं होतं.

तिने तिथे आपलं शेवरे बेट जसंच्या तसं उभारलं होतं. माणसांना नावंही गावातलीच दिली होती. धक्क्यावर दोन वेण्यांचा स्वतःचा पुतळा बसवला होता. आणि हुकूम तरी किती! जेवणात रोज सोलकढी. दुपारी झोपण्याची सक्ती करणाऱ्या मोठ्या माणसाला दंड. रविवारी रडायचं नाही. पहिला हुकूम मात्र हा होता: बेट सोडून कुणी जायचं नाही. धक्क्यावर चौकी, चौकीवर शिपाई. बेटाच्या टोकाला तुरुंगही होता, आणि त्यात एकच कैदी. त्याचं नाव दिगंबर.

दिगंबर हे कस्तूच्या आजोबांचं नाव होतं.

इतकं करूनही बेटावरची माणसं सुकत चालली. "प्रजा आनंदी आहे, सरकार," प्रधानजी सांगत. "दुःखी असायला आपण बंदी घातली आहे ना!" पण माणसांच्या डोक्यावरचे आनंदाचे हिरवे ठिपके एकेक करून पिवळे पडत होते. म्हणून मग आज कस्तूने शेवऱ्याच्या मुलीलाच सुचेल असा हुकूम दिला. तिने गावपळण पुकारली.

गावपळण म्हणजे काय, ते शेवऱ्याला कुणाला सांगावं लागत नसे. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवाचा कौल (देवाकडे मागितलेली परवानगी) घ्यायचा आणि अख्ख्या गावाने घरं सोडून वेशीबाहेर पडायचं. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गाईगुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी. मागे कुणाला ठेवायचं नाही. तीन रात्री माडाच्या झापांच्या खोपीत राहायचं, एका चुलीवर रांधायचं, गाणी म्हणायची. मग पुन्हा कौल मागायचा. देवाने हो म्हटलं की वाजतगाजत घरी. गावपळणात माणसं जातात ती परत येण्यासाठीच.

मागे कुणाला ठेवायचं नसतं, म्हणून कस्तूने कैद्यालाही सोडलं. सगळे होड्यांत बसून काचेच्या कडेपलीकडे गेले. खेळातल्या तीन रात्री सरल्या. आणि कुणीच आलं नाही.

गेल्या वर्षी खरं शेवरे सुटलं तेही असंच. भरतीचं पाणी विहिरींत शिरून पाणी मचूळ झालं होतं, शेतं खारावली होती. सकाळी सरकारी होड्या आल्या. आई म्हणाली, "चला, गावपळण हा!" आणि सगळं गाव हसत हसत खाडीपलीकडच्या उंच सड्यावर (कातळाच्या माळावर) गेलं. समोरच्या घरातल्या बाबलकाकांनी कोंबडा खांद्यावर बसवून नाचूनही दाखवलं. फक्त आई होडीच्या टोकाला पाठमोरी बसून हळूच म्हणत होती,

*खाडीच्या पाण्यावरी गं, होडी चालली डुलत,*
*माझ्या दाराची गं कडी, मागे राहिली बोलत.*

तीन रात्री झाल्या. कौल मागायला कुणी गेलं नाही. सड्यावर सिमेंटच्या घरांची वसाहत उभी राहिली, चिठ्ठ्या टाकून घरं वाटली गेली, आणि कस्तूने विचारलं की आई म्हणे, "उद्या बघू."

कस्तू काच काखेत मारून मागच्या अंगणात गेली. आजोबा रातांबे (कोकमाची लाल फळं) फोडून बिया वेगळ्या करत बसले होते. आजोबा समुद्राचे अभ्यासक. कोणत्या वर्षी कुठवर पाणी चढेल, हे त्यांनीच गणिताने काढलं होतं, आणि गावाच्या सभेत उभं राहून सांगितलंही होतं. तेव्हापासून त्यांच्या अंगणात फारसं कुणी येत नसे. कस्तूही "आई जेवायला बोलावतेय" यापलीकडे त्यांच्याशी बोलत नव्हती.

"तुम्हाला गाव रिकामं करता येतं," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "परत भरता येतं का?"

आजोबांचे लाल हात थांबले. त्यांनी काचेकडे पाहिलं, मग नातीच्या तोंडाकडे. "बस. काय झालं ते सांग बघू."

तिने सांगितलं. कैद्याचं नाव तेवढं गाळलं. आजोबांना ते काचेवरच्या तुरुंगाच्या दारावर दिसलंच. ते मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "सुटका झाली म्हणायची माझी!"

कस्तूला हसू आलं आणि त्याचा रागही आला.

आजोबांनी रिकामं सूप पुढे ओढलं आणि त्यात मूठभर बिया टाकल्या. "हे सूप म्हणजे तुझं बेट. ही बी म्हणजे बाबल. आता सांग, खेळातल्या बाबलला काय काय कळतं?"

"घर आहे का, काम आहे का, जेवण आहे का."

"म्हणजे तीन आकडे. त्यांची बेरीज चांगली असली की तो राहणार, नसली की जाणार. याला प्रतिमान म्हणतात (खऱ्या गोष्टीची आकड्यांत केलेली लहानशी नक्कल). मी समुद्राचं केलं तेही प्रतिमानच. त्यात आपण घालू तेवढंच असतं. त्याबाहेरचं त्याला काही ठाऊक नसतं."

"पण माझ्या बेटाची बेरीज चांगलीच होती!"

"माणसं होती तोवर. गावातलं दुकान कुणामुळे चालतं?"

"गिऱ्हाइकांमुळे."

"आणि गिऱ्हाईक कशामुळे येतं?"

"दुकान असतं म्हणून." कस्तू थबकली. "हे तर गोल गोल झालं."

"गोलच आहे ते. त्याला प्रत्याभरण म्हणतात (परिणामच उलटा फिरून पुन्हा कारणाला येऊन मिळणं). माणसं आहेत म्हणून आणखी माणसं येतात. चाक असं फिरलं की एका बीचा ढीग होतो." आजोबा सुपातल्या बिया उचलू लागले. "आणि उलटं फिरलं की ढिगाचा काहीच उरत नाही. दहा माणसांची वीस होतील, एकाची दोन होतील. शून्याची किती पट केली की एक होईल?"

"कितीही केली तरी शून्यच," कस्तू रिकाम्या सुपाकडे बघत म्हणाली. "पण बाहेर गेलेले कुठे गेले?"

"त्या खेळाला बाहेर नाहीच. कडेपलीकडे पाऊल टाकलं की माणूस पुसला जातो."

कस्तूने काचेची कड बोटाने चाचपली. मग एकदम उसळली, "तुमचं चुकतंय. खऱ्या गावपळणात पण सगळे जातात. गावात शून्यच उरतं. तरी परत येतात ना?"

आजोबांचा चेहरा उजळला, जणू कुणीतरी फार दिवसांनी त्यांच्या दारात आलं होतं. "बाय माझी! हाच तर प्रश्न विचारायचा असतो. नक्कल आणि खरं जुळत नसेल, तर नकलेत काहीतरी घालायचं राहिलंय. काय राहिलं असेल?"

"आठवण?"

"कुणाची?"

कस्तूने डोळे मिटले. शेवऱ्याला सकाळी दार उघडलं की समोर बाबलकाका दात घासत उभे असायचे आणि तोंडात फेस घेऊनच ओरडायचे, "काय गो कस्तू, शाळेत जातंस की मास्तरांका हय हाडू (इकडेच आणू)?" आता ते वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाला राहतात. त्यांना भेटून तिला महिना झाला असेल.

"समोरच्यांची," ती म्हणाली.

"बरोबर. खऱ्या गावात माणसामाणसांत धागे असतात. मीठ मागायचा धागा, भांडणाचा धागा, एकमेकांच्या पोरांना रागवायचा धागा. गाव वेशीबाहेर गेलं तरी ते धागे तुटत नाहीत. तुझ्या खेळात तसला एकही धागा नाही. तिथल्या बाबलला शेजारीच ठाऊक नाही. प्रत्येकाचा दोर फक्त राजाच्या हाताला बांधलेला."

"म्हणून सगळे माझं ऐकायचे," कस्तू हळू आवाजात म्हणाली.

"म्हणून तर तो खेळ गोड लागतो. मलाही लागला असता. आपल्या हातून काही निसटलं असलं की सगळे दोर मुठीत धरावेसे वाटतात."

अंगणात रातांब्यांचा आंबट वास भरला होता. कस्तूने एक बी बोटांत फिरवली. आजोबांना विचारायचं ते वर्षभर राहून गेलं होतं.

"आजोबा, आपल्याला कौल कधी मिळणार?"

आजोबांनी 'उद्या बघू' म्हटलं नाही. त्यांनी लाल हात धोतराला पुसले आणि तिचा हात हातात घेतला.

"नाही मिळणार, बाय. आपलं घर आता भरतीच्या पाण्यात असतं. दर वर्षी पाणी थोडं वर चढतंय. मी ते गणित पुन्हा पुन्हा केलं. कुठेतरी माझं चुकावं म्हणून केलं. नाही चुकलं."

"मला माहीत होतं," कस्तू म्हणाली आणि मग तिला रडू फुटलं. ते थांबवायला आजोबांनी काहीही केलं नाही. नुसते जवळ बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांतलंही पाणी वाहत होतं, आणि तेही त्यांनी पुसलं नाही.

रडणं ओसरल्यावर तिनेच काच मांडीवर ओढली. "खेळात धागे घालता येतील?"

"विचारून बघ प्रधानजींना."

नियम बोलून बदलायची सोय खेळात होती. कस्तूने आजवर ती वापरली नव्हती. हुकूम असताना नियम कशाला हवेत? ती सावकाश सांगू लागली. "नियम पहिला. बेटाच्या पलीकडे सडा आहे. कडेबाहेर गेलेला माणूस पुसायचा नाही, तो सड्यावर असतो. नियम दुसरा. प्रत्येकाला आपले शेजारी आठवतात. शेजारी जवळ असला की आनंद वाढतो."

"आणि हुकूम काय, सरकार?" प्रधानजींनी विचारलं.

कस्तूने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी खांदे उडवले.

"हुकूम नाही," ती म्हणाली.

तिने खेळ मागे नेऊन, माणसं होती तिथून गावपळण पुन्हा मांडली. होड्या निघाल्या. सड्याच्या कातळावर माणसांचे ठिपके उतरले, आधी पांगले, इकडेतिकडे भटकले. मग एक ठिपका दुसऱ्याजवळ थांबला. त्यांच्याजवळ तिसरा आला. तिघांमुळे चौथा, चौघांमुळे आणखी काही. तेच गोल फिरणारं चाक आता सुलटं फिरू लागलं. हिरवे ठिपके वाढले. सगळेच काही हिरवे झाले नाहीत. काही म्हातारे ठिपके सड्याच्या काठावर पाण्याकडे तोंड करून पिवळेच राहिले.

"ते का तसे?" कस्तूने विचारलं.

"त्यांचे काही धागे मातीशीही असतील," आजोबा म्हणाले. "ते कसे मोजायचे, मला अजून कळलेलं नाही. तू मोठी होशील तेव्हा शोध."

बेट मागे राहिलं होतं. तिथे चौकी होती, तुरुंग होता, राजवाडा होता, पुतळा होता. "सरकार, राजवाडा सड्यावर हलवायचा का?" प्रधानजींनी विचारलं.

"नको," कस्तू म्हणाली. "राहू दे पाण्यात."

आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. कस्तू तिच्या पाठीला टेकून बसली. "आई, ती गावपळण नव्हती. कळलंय मला. तू नको आता उद्या बघू म्हणू."

आईचे हात थांबले. तिने मागे वळून लेकीला अशी घट्ट धरली की ताटातले तांदूळ सांडले. "तुम्हा पोरांना हसत आणायचं होतं गं," ती म्हणाली. "मग खरं कसं सांगायचं, तेच सुचेना." वर्षभर तिनेही रडणं बाजूला ठेवलं होतं. आता दोघी रडल्या, आणि सांडलेले तांदूळ गोळा करता करता दोघींचं रडणं थांबलं.

"तुझ्या त्या बेटावर काय चाललंय?" आईने नाक पुसत विचारलं.

"कुणी नाही तिथे. सगळी सड्यावर आली. आणि आई, बाबलकाकांनी आपल्या समोरच घर बांधलं."

"तू बांधायला लावलंस?"

"नाही. मी हुकूमच दिला नव्हता."

आईने उरलेले तांदूळ ताटात टाकले. मग तिने ताट बाजूला सरकवलं, पदर झटकला आणि पायांत चपला घातल्या. "बाबा," तिने मागच्या अंगणात हाक मारली, "तुम्हीही चला. बाबलदादा त्यांचं घर आपल्या समोरच्यांशी बदलतील का, विचारून येऊ."

आजोबा दारात आले. "मी येऊ? माझ्याशी बोलतील ते?"

कस्तूने त्यांचा लाल हात धरला. "धागा असेल तर बोलतील," ती म्हणाली, आणि तिघं वसाहतीच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागली.